सत्तावन्न युनिट

फैजपूरच्या सहा गल्ल्या माझ्याकडे आहेत.
चारशे बारा मीटर, आणि कुठलंही झाकण उघडा,
आकड्यांच्या आधी जाळं.
म्हणून खिशात दाढीचा एक जुना ब्रश असतो.
काचेवरून दोनदा फिरवायचा,
फोटो काढायचा,
पुढचं दार.

पोस्टमन घरं आडनावांनी ओळखतो, मी कोळ्यांनी.
राणेंकडे मुगाएवढा, उड्या मारणारा,
असा रोखून बघतो की थकबाकी माझीच.
गिरणीवरची जाळी ज्वारीच्या पिठानं भरलेली,
मालकासारखीच पांढरी.
आणि नेहेते मॅडमच्या पेटीत ती,
काडीपायांची, हात नेला की
जागच्या जागी अशी थरथरते
की आहे का नाही तेच कळत नाही.

मॅडम तिला कांतीण म्हणतात.
माझी आईही म्हणायची.
तिची सुटली नाही ती सवय, माझी सुटली.

मॅडम शाळेत शिवणकाम शिकवायच्या.
भिंतीवर एकदा मोठी चपटी बसली होती,
पोटाखाली पांढरं गोल, शर्टाच्या बटणाएवढं.
शेजारची म्हणाली, मारा, मुतली तर अंगावर फोड येतात.
भाची म्हणाली, नको, पोटाशी रुपया आहे, लक्ष्मी आहे.
मॅडमनी दोघींचं ऐकलं नाही.
काचेचा ग्लास उपडा घातला,
खालून लग्नपत्रिका सरकवली, हळू,
काज कातरावं तशी,
घाई केली तर पाय तुटतो म्हणाल्या,
आणि कुंपणापलीकडे मेंदीखाली सोडून आल्या.
पत्रिका परत ड्रॉवरमध्ये. लग्न होऊन चार वर्षं झालेली.

मला म्हणाल्या, मारून किती मारशील भो?
अंगणात रात्रभर बल्ब जळतो.
बल्बाला किडे येतात, किड्यांमागे ह्या.
बाजार आपणच भरवायचा
आणि दुकानदारणीला शिव्या द्यायच्या!

मग त्यांनी बल्ब काढला.
खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या, वरून चुना.
कॉटखालचे खोके उचलले, पाच वर्षांत पहिल्यांदा.
शनिवारी बांबूला केरसुणी बांधून कोपरे,
फक्त रिकामी जाळी. जिच्यात कोणी आहे ती सोडून.

दिवाळीनंतर त्यांचं रीडिंग एकाहत्तर होतं.
मग चौसष्ट.
मग सत्तावन्न.

ऑफिसात साहेबांची भुवई वर गेली.
एकट्या बाईचं बिल असं उतरतं का?
मीटर तपासायला वायकोळे आला, हातात टेस्टर.
सील शाबूत. वायर शाबूत.
पेटीच्या कोपऱ्यात कांतीण,
तोंडात अंड्यांची गोळी धरून लटकलेली.
त्यानं टेस्टर उचलला.
मॅडम ओट्यावरूनच ओरडल्या,
राहू दे भो तिले!
तिच्या तोंडात घास नही,
लेकरं आहे.

वायकोळे खाली बघत म्हणाला, फेरफार नाही.
तसंच लिहिलं.

मागच्या उन्हाळ्यात मी घरी स्प्रे मारला होता.
खोली बंद केली, रात्रभर धाकटा खोकला,
आणि आठव्या दिवशी त्याच कोपऱ्यात
तेच जाळं, जरा मोठं.
ते कोणाला सांगितलं नव्हतं.
या महिन्यात मीही मागच्या दाराचा बल्ब काढला.
हेमलता म्हणते, अंधारात चोर येतील.
येऊ देत. पहिल्यांदा
दाराशी पाकोळ्यांचा खच नव्हता.
आणि विंचू निघाला तर? ती म्हणते.
त्याला माझ्याकडे उत्तर नाही.
टॉर्च घेऊन ठेवली आहे.

परवा मॅडमच्या पेटीपाशी
ब्रश खिशातून काढलाच नाही.
पाच दिसत होता. पुढचा आकडा जाळ्याआड,
एक की सात, कळेना.
मान वाकडी करून जवळ गेलो.
माझा श्वास लागला तशी ती थरथरली,
सगळी पेटीच थरथरल्यासारखी,
आणि तिच्या पायांमधून
सात.